घरी आल्यावर म्हणायचा शब्द

शिलाईचं मशीन बंद होतं, म्हणून सुनेला वाटलं घरात कोणी नाही. सासू आतल्या खोलीत तापाने फणफणून पडली होती. दार उघडलं आणि रोजचा शब्द ऐकू आला, “तादाइमा.” मग तोच आवाज, अगदी हळू, “ओकाएरी.”

पोरगी कुणाशी बोलते, सासूला कळेना. तिच्याबरोबर तर कोणीच आलं नव्हतं.

मुलगा जहाजावर कामाला. जपानमधून बायको करून आणली, आईजवळ ठेवली आणि पुन्हा समुद्रावर गेला. सून चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. सासू पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. संध्याकाळी सून दारात पाय ठेवून तो शब्द म्हणायची आणि जरा वेळ तिथेच घुटमळायची. माप द्यायला आलेल्या बायकांना सासू सांगायची, “ताई, दाई, मा! सगळं गणगोत दारातच गोळा करते बघा.” बायकांची हसून मुरकुंडी वळायची. ते बघून सूनही हसायची आणि मान खाली घालून आत जायची.

ताप उतरल्यावर मुलाचा फोन आला. सासूने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तादाइमा म्हणजे ‘मी आले’,” मुलगा म्हणाला. “मग घरातल्याने म्हणायचं, ओकाएरी. म्हणजे ‘आलीस? ये.’ तू काय म्हणतेस गं तिला?”

मशीनच्या खडखडाटात मला नीट ऐकूच येत नाही, असं तिने सांगून टाकलं. ऐकू येत नव्हतं, तर इतके महिने नक्कल कशाची केली, हे तिचं तिलाच विचारावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने तो शब्द घोकून घोकून तयार ठेवला. सून आली, दारात थांबली, “तादाइमा” म्हणाली. सासूने तोंड उघडलं. तेवढ्यात माप द्यायला बसलेली शेजारीण डोळा मिचकावून म्हणाली, आलं का हो गणगोत. सासूचा शब्द घशातच राहिला. सून नेहमीसारखी हसली आणि आत गेली. त्या रात्री सासूला जेवण गेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सून स्वयंपाकघरात होती. सासू दोरा आणण्याच्या निमित्ताने बाहेर पडली आणि कोपऱ्यावरून रिकाम्या हातानेच परतली. दारात उभी राहून तिने घसा खाकरला.

“तादाइमा.”

शब्द वेडावाकडा निघाला. आतून काही उत्तर येईल, अशी तिला आशा नव्हती. कुठल्या तोंडाने धरायची?

“ओकाएरी,” सून आतून म्हणाली. मग सासूच्या भाषेत, अडखळत, “आलात? या, आई.”

उत्तर इतक्या लगेच आलं, की सासूला उंबरा ओलांडवेना.