बागेच्या अलीकडं

“मावशी, पत्ता बरोबर आहे, पण समोर नुसती बाग दिसतेय!” ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर फोनवर ओरडला.

“बागेच्या अलीकडं आम्ही आहोत, मेल्या!” हौसाबाई म्हणाली. आत सुनेला कळा सुरू होत्या.

मोठ्या पाहुण्यांना वस्ती दिसू नये म्हणून पालिकेच्या साहेबांनी रस्त्याकडेला प्रकाश वाकवणारे, बारीक खाचांचे प्लास्टिकचे पत्रे ठोकले होते; रस्त्यावरून वस्तीऐवजी तिच्यामागची बागच दिसायची. एकदा भजी तळताना हौसाबाईचा तेलकट हात पत्र्याला लागला आणि तेवढ्याच जागेतून पलीकडचा रस्ता दिसला. खाचा तेलानं बुजल्या की प्रकाश सरळ जातो, हे तिनं बोटं फिरवून फिरवून ताडलं होतं.

तिनं तेलाचा डबाच पत्र्यावर ओतला.

“अरे बापरे! मी रोज इथनंच जातो, मावशी!”

“ठाऊक आहे. रोज तुझा भोंगा ऐकतो आम्ही. स्ट्रेचर काढ.”