ब्रेकमधली हवा

बोंडअळीनं खाल्लेल्या कपाशीचा पंचनामा करायला साहेब एकदाचे निघाले, तर वणीतच जुन्या सरकारी जीपचा ब्रेक नरम पडला. पायडल थेट तळाला टेकायचं. साहेबांना परत फिरायला एवढं निमित्त पुरे होतं. पण सोबत तांड्यावरची सुखीबाई होती. पंचनामा झाल्याशिवाय उपटता येईना म्हणून तिची कपाशीची पऱ्हाटी अजून वावरात उभी होती. तिनं जीप जब्बार मिस्त्रीच्या दारात लोटायला लावली.

"लायनीत हवा घुसली साहेब, पाच मिनटाचं काम," म्हणत जब्बार जीपखाली सरकला. "पायडल दाबा. हां, आता दाबून ठेवा! मी बोललो का मंगच सोडा!"

सुखीबाई खाली वाकली.

"जब्बारभाऊ, दाबून ठेवाचं यायले कायले शिकवता? माहा अर्ज दिवाळीपासून दाबून ठेवला यायनं. तुम्ही सोडाचं तेवढं शिकवा!"