थर्मलमधलं शेवटचं पोवळं

फोन नुसता खरखरत होता. मन्मथप्पांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं आणि रिसिव्हर कानाला दाबला. पलीकडून कुणी मोडक्या हिंदीत ओरडत होतं.

"थर्मल में... खतम हो गया. घर भेज रहे हैं."

लाइन तुटली.

परळीत थर्मल एकच, वीजकेंद्र. थोरला मुलगा केदारनाथ तिथंच कामाला होता. मन्मथप्पा दुकान उघडं टाकून अनवाणी पळाले.

गेटवर केदारनाथ धडधाकट बाहेर आला, गालात सुपारी. सगळं ऐकून तो हसायलाच लागला.

"अप्पा, हे आपलं थर्मल न्हाई. रव्याचं थर्मल हाय."

धाकटा रवी दूर दक्षिणेत, समुद्राकाठच्या एका प्रयोगशाळेत होता. समुद्र तापत चाललाय, त्यात जिवंत पोवळी कुठवर तग धरतात, हे तिथं पाहत. विजेवर पाणी तापवायच्या टाक्यांच्या खोलीला ते लोक थर्मल म्हणत. शेवटचं पोवळं पांढरं पडून मेलं की काम संपलं, मग घरी येतो, असं त्यानं सांगितलं होतं. दोन वर्षांत तो आला नव्हता.

अंगठीतल्या पोवळ्याला जीव असतो, हे त्याच्या आईला, गंगासागरबाईंना, आधी पटलंच नव्हतं. पटल्यावर, आपण अंड्यालासुद्धा शिवत नाही आणि तू जीव उकडून मारतोस, म्हणून त्या रवीला खूप बोलल्या होत्या. अलीकडे मात्र फोन आला की त्याच विचारायच्या, "अजून मेलं न्हाई का रे?"

आता मेलं म्हटल्यावर त्यांनी वैजनाथाला हात जोडले. मग त्या मुक्या जिवासाठी वेगळी उदबत्ती लावली.

मन्मथप्पांनी रवीला उलट फोन लावून पाहिला. कुणी उचलला नाही.

"सवताच्या तोंडानं सांगायला काय झालतं त्याला?"

"लाजला असंल," केदारनाथ म्हणाला. "आला की पोरगी बघायला न्यायचं ठरलंय, त्या नावानंच त्याची बोबडी वळती."

तिसऱ्या दिवशी गंगासागरबाई रवीच्या आवडीच्या शेंगदाण्याच्या पोळ्या लाटत होत्या. दारात गाडी थांबली. पिठाच्या हातांनीच त्या बाहेर धावल्या.

परक्या नंबरची बंद गाडी होती. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मान खाली घालून तो मन्मथप्पांना म्हणाला, उतरवून घ्यायला चार माणसं बोलवा.