महिन्याचा मान

नकाशे काढणाऱ्या ताईंनी दारालगतची पार्किंगची जागा मिळावी म्हणून पाच अर्ज केले होते. मागच्या मैदानात गाडी लावून कुबडी टेकत दारापर्यंत येताना त्यांची काख सोलवटून निघायची. ती जागा मात्र महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्यासाठी राखीव होती. सध्या तिथे रोज सकाळी दहा किलोमीटर पळणाऱ्या सेल्समनची गाडी ऐटीत उभी असायची. आज साहेबच पुष्पगुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन आले. “ताई, तुमचं काम फत्ते! या महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचारी तुम्हीच. जागा तुमची!” टाळ्या पडल्या. “आणि पुढच्या महिन्यात?” “अहो, दुसऱ्यालाही संधी द्यायला नको का? आपल्याकडे सगळे सारखे!” गुच्छ टेबलावर टाकून ताईंनी एका हाताने टेबल धरलं आणि घामाने काळी पडलेली कुबडी साहेबांच्या हातात कोंबली. “मग एक तारखेला हीसुद्धा त्यालाच द्या.”