रेशमी सपाता

धुकं दाटलेल्या पहाटे गिडियन घोड्यांना खरारा करत होता. मालकांची लेक लेटिशिया बोचकं घेऊन तबेल्याच्या दारात आली. “बग्गी जुंप. स्कॉटलंडात पोचलो की आपलं लग्न कोण अडवतंय!” याच शब्दांची तो वर्षभर वाट पाहत होता. पण त्याची नजर तिच्या रेशमी सपातांवर गेली. अंगण ओलांडतानाच चिखलात त्यांचा पार लगदा झाला होता. गाडीवानाच्या संसारात ही कशी टिकणार? “बाईसाहेब, माघारी जा.” “आजच बाईसाहेब झाले का मी?” तिनं विचारलं. तो घोड्याकडे वळला. महिन्याभरानं बापलेकीला चर्चला त्यानंच नेलं. नवरामुलगा शेजारच्या जहागिरीचा वारस होता. दार उघडून गिडियननं हात पुढे केला. तो न धरताच ती उतरली. “बाबा, उद्यापासून दुसरा गाडीवान बघा.” “का? यानं काय केलं?” “काहीच केलं नाही,” ती म्हणाली.