मिस्त्रीच्या उंचीचा आरसा

मालकी कोणाची या वादात बारा वर्षं गॅरेजमध्ये उभा असलेला जुना लष्करी ट्रक सकाळच्या धुक्यात नावेसारखा अलगद बाहेर निघाला. तिघे मित्र पुढून दोर ओढत होते. “नवरदेवा, स्टेअरिंग तरी धर!” एकाने मालकाला चिडवलं. “सांगाडा तुमचा, पण जीव मी घातला,” म्हणत इतकी वर्षं ट्रक अडवून ठेवलेला मिस्त्री, खटला हरल्यापासून मुका, फाटकाच्या कडेला उभा होता. मालक चढून स्टेअरिंगमागे बसला. बाजूचा आरसा बुटक्या मिस्त्रीच्या उंचीला लावलेला. म्हणजे हा इथे रोज बसायचा तर! फाटकाबाहेर उतार लागला, ट्रक मित्रांच्या अंगावर धावला, ब्रेक लागेना. मालक ब्रेकवर वाकला, तेव्हा आरशात मिस्त्री दिसला. त्याचा पाय जमीन दाबत होता: एकदा, लगेच पुन्हा. मालकाने तसाच दोनदा ब्रेक दाबला. ट्रक थांबला. मालक पुन्हा वाकून आरशात बघू लागला. “अरे, वाकतोस काय? आरसा फिरव!” मित्र ओरडला. “राहू दे,” मालक म्हणाला. “वाकलं की दिसतं.”