विंगेतला आवाज

आईवडिलांच्या उपेक्षेवरील त्या नाटकात दादा नायक होता आणि त्याची धाकटी बहीण प्रॉम्प्टर. विंगेतून तिने पुटपुटलेले वाक्य, अर्थ डोक्यात शिरण्याआधीच, तो खणखणीत आवाजात म्हणत असे. नव्याण्णव प्रयोगांत हे सिद्ध झाले होते.

शंभराव्या प्रयोगाआधी ती म्हणाली, "दादा, आई अंथरुणाला खिळलीये. तीन वर्षं झाली, एकदा तरी भेटायला ये रे."

"अगं, मला समाज जागा करायचाय! आईला तू आहेस की."

शेवटच्या प्रवेशात तो नेहमीसारखा अडला. तिने संहिता मिटली आणि शांतपणे एक वाक्य पुरवले.

भरलेल्या नाट्यगृहाला त्याने छाती ठोकून सांगितले, "मी माझ्या आईला तीन वर्षांत एकदाही भेटलेलो नाही!"